पेशकारांचा जाड कागद

आपल्याला वाचता येत नाही अशा कागदावर मी आयुष्यात एकदाच सही केली. अंगठाबहाद्दर असतो तर गोष्ट वेगळी होती. पण मी चांगला बी.ए. झालेला, पिंगळीच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवणारा मास्तर होतो. त्या सहीपुढे मी कंस करून 'बी.ए.' असंही लिहिलं होतं. त्या दोन अक्षरांची मला अजून लाज वाटते.

कागद आमच्या घरमालकांचा होता. निजामाच्या अमलात ते कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारे आणि वाचून दाखवणारे कारकून. निजाम गेला, हुद्द्याचं नाव बदललं, पुढे त्यांना पेन्शनही लागली, तरी गल्लीच्या लेखी ते पेशकारच राहिले. मूळचे पोखर्णीचे. शिक्षण सगळं उर्दूतून. बायको वारलेली, एकुलती मुलगी नांदेडला दिलेली. परभणीतल्या त्या घरात पुढच्या दोन खोल्यांत ते राहायचे आणि मागच्या एका खोलीत मी. मधे नुसती एक विटेची भिंत होती, त्यामुळे माझी शिंक त्यांना ऐकू जायची आणि त्यांचं पुटपुटणं मला.

इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुधवाल्याचं दूध ते स्वतःच्या मापानं मोजून घ्यायचे, आणि स्वतःचं माप बरोबर आहे का हे दर दिवाळीला वाण्याकडे जाऊन ताडून बघायचे. आलेलं पाकीट फोडण्याआधी उन्हात धरायचे. कुलूप लावलं की तीन हिसके, चार पावलं पुढे गेले की परत येऊन चौथा. मी भाडं दिलं की नोटा मोजायचे, मग मला मोजायला लावायचे आणि माझ्या मोजण्यात चूक नाही ना म्हणून परत स्वतः मोजायचे.

असा माणूस लोकांना उसने पैसे द्यायचा, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. पण द्यायचे. बाजारपेठेतला हमाल, शाळेतला शिपाई, बहिणीचा दीर, कुणीही यावं. आलेल्या माणसाकडे आधी बघायचे ते पायांकडे. टाचेला झिजलेली चप्पल दिसली की 'बसा' म्हणायचे. कोरी करकरीत असली तर म्हणायचे, "चपला घेतल्या तिथंच मागा की."

आणि व्याज घ्यायचे नाहीत. एक पैसा नाही. त्यांच्या बदनामीचं खरं मूळ हेच होतं. व्याज घेणारा सावकार लोकांना कळतो, त्याला शिव्या देता येतात. बिनव्याजी पैसे देणारा माणूस मनात काहीतरी धरूनच देत असणार, असं सगळ्यांचं मत. आमच्या गल्लीतला न्हावी दाढी करता करता सांगायचा, "पेशकाराच्या कागदावर सही म्हंजी सातबारा गेला बगा. जिंतूरकडच्या एकाचं तीन एकर असंच गेलं." त्या जिंतूरकडच्याला पाहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. पण गोष्ट मात्र पक्की होती.

कारण होता तो कागद. पैसे द्यायचे म्हटलं की पेशकार खातेवहीच्या जाड कागदाचं एक पान घेत, चष्मा लावत आणि उजवीकडून डावीकडे लिहायला लागत. झरझर, दहा-पंधरा ओळी. 'अमक्याने तमक्याकडून इतके घेतले' एवढ्याला पंधरा ओळी कशाला लागतात, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात यायचा आणि तिथेच राहायचा. लिहून झालं की खाली पावतीचं तिकीट चिकटवायचे आणि घेणाऱ्याची सही. साक्षीदार नाही. कुणी साक्षीदाराचं विचारलंच तर म्हणायचे, "गवाह कशाला? तुमी हाव, मी हाव." त्यांची स्वतःची सही कागदावर नसायचीच.

एकदा त्यांची सख्खी बहीण आली होती. पोराच्या फीसाठी पैसे पाहिजे होते. तिच्याकडूनही त्यांनी अंगठा घेतला. ती माउली रडत ओट्यावर येऊन बसली आणि मला म्हणाली, "भाऊबीजेला ओवाळते मी याला, अन् हा माझा अंगठा घ्यायलाय." आतून पेशकार म्हणाले, "बहीन हाय म्हनून पैसे दिले. उद्याबी बहीनच राहावी म्हनून अंगठा घेतला." मला तेव्हा हे बोलणं निव्वळ निर्दय वाटलं होतं.

पैसे फिटले की कागद घेणाऱ्याच्या हातात द्यायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "फाडा." तो फाडेपर्यंत डोळे मिटून बसायचे. मग तुकडे चुलीत. फाडणारा इतक्या घाईनं फाडायचा की कागदात काय होतं हे विचारायला त्याला सवड नसायची. सुटलो बुवा, एवढंच.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाडा पेटला. आमच्या शाळेत माझ्याबरोबर गणित शिकवणारा माझा एक मित्र होता. परभणीहून पिंगळीला आम्ही रोज एकाच पॅसेंजरनं जायचो, एका डब्यातली भाकरी खायचो. त्याच्या गावात त्यांची वस्ती जाळली. आईबाप अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले म्हणून वाचले. आठ दिवसांनी तो शाळेत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला धुराचा वास येत होता. गाडीत मला म्हणाला, "भिंती अर्ध्या हायत. वर पत्रे टाकले तर म्हातारा-म्हातारीला आत बसता येईल. सहाशे कमी पडायलेत. तुझा मालक देतो म्हनं. मला घेऊन चल."

मी म्हणालो, "नको, मी माझ्या नावावर आणतो."

"तुझ्या नावावर कामून? पत्रे माझ्या घरावर टाकायचेत."

"मालक जुन्या वळणाचे आहेत," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. "बरं," म्हणाला. तो खोलीवर यायचा तेव्हा मी त्याला बाहेर ओट्यावरच बसवायचो, तेव्हाही हेच कारण सांगायचो. मालकांनी तसं मला एका शब्दानं कधी म्हटलं नव्हतं. मी आपलं ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी पेशकारांपुढे बसलो. म्हणालो, "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सहाशे पाहिजेत."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. झिजलेल्या होत्या. "कोनता डोळा?"

"उजवा," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं.

"उजवा," ते पुटपुटले आणि लिहायला लागले. चांगल्या चौदा ओळी झाल्या. मी मोजल्या. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि सहीची जागा दाखवली. माझ्या डोळ्यांपुढे पेडगावचं चार एकर रान उभं राहिलं. वडील गेल्यावर ते माझ्या नावावर झालं होतं आणि आई त्यावरच राबून खात होती. काय लिहिलंय हे विचारावं असं ओठांवर आलं होतं. पण ज्यानं नुकतीच एक थाप मारली आहे तो दुसऱ्याला कुठल्या तोंडानं विचारणार? सही केली. 'बी.ए.' लिहिलं.

त्यानंतरचे दहा महिने माझ्या जिवाला घोर लागला. मित्र पगाराच्या दिवशी गाडीतच साठ रुपये माझ्या हातावर ठेवायचा, कधी एक दिवस उशीर नाही. मी ते पेशकारांना नेऊन द्यायचो. पण भिंतीपलीकडे त्यांची पेटी उघडल्याचा आवाज आला की मला वाटायचं, आता माझाच कागद काढला. एकदा त्यांनी सहज विचारलं, "पेडगावचं रान कसं हाय, काळं का मुरमाड?" झालं. त्या रविवारी मी पेडगावला जाऊन तलाठ्याला घरी गाठून सातबारा काढून आणला. नाव माझंच होतं. 'अजून तरी,' असं मनात म्हणून घडी घालून ठेवला. सगळं ऐकून आई म्हणाली, "वाचता येत न्हाई तिथं सही करायची, हे बी.ए.ला शिकिवतेत व्हय?"

शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मी तयारीनं गेलो होतो. खिशात सहामाहीची एक जुनी प्रश्नपत्रिका त्याच मापाची घडी घालून ठेवली होती. पेशकारांनी कागद माझ्या हातात दिला, चष्मा काढला, डोळे मिटले.

"फाडा."

मी त्यांचा कागद सदऱ्याच्या आत सरकवला आणि भूगोलाचा पेपर चार वेळा फाडला.

"फाडला?"

"फाडला," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. त्या तुकड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तसाच उठून मी स्टेशनरोडवरच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. त्या चाचांना उर्दू येत होतं. दुकानात पँटीची वाट बघत एक गिऱ्हाईक बसलं होतं, पण मला थांबण्याचा धीर नव्हता. चाचांनी कागद मशीनवर पसरला, वरून खाली नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ये सही तुमचीच का मास्तर?"

"माझीच. शेताबद्दल काय लिहिलंय तेवढं सांगा."

"शेत?" चाचांनी परत पाहिलं. "शेत कुठंच न्हाई. सुई हाय."

मग त्यांनी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगायला सुरुवात केली. मजकूर असा होता: 'घेणारा माझा भाडेकरू. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन असं कारण सांगतो. आईचे दोन्ही डोळे साबूत आहेत. गेल्या महिन्यात ती ज्वारी घेऊन आली होती, तेव्हा मला सुईत दोरा ओवता येईना म्हणून तिनंच माझ्या देखत एका दमात ओवून दिला. सबब कारण खोटं. ह्याच्या सोबत्याचं घर जाळलं आहे, पैसे त्याच्यासाठी असावेत. हे माझ्यापासून लपवलं, कारण मी कसा माणूस आहे हे ह्यानं न विचारता ठरवलं आहे. त्याचं वाईट वाटलं. सहाशे दिले. फेडील. वर लिहिलेलं सगळं कबूल आहे म्हणून सही.'

आणि खाली माझी सही. कंसात बी.ए.

गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईनं सुई ओवून दिली होती त्या वेळी मी तिथेच उभा होतो, आणि माझ्या कसं लक्षात राहिलं नाही, देव जाणे. चार एकर जाणार म्हणून मी दहा महिने झुरत होतो आणि त्या माणसाच्या पेटीत माझं चार एकर नव्हतंच, माझी थाप होती. मला रानाची काळजी मिटल्याचा आनंद एवढासुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशकारांपुढे गेलो. ते तांदूळ निवडत होते. मी म्हणालो, "काल मी कागद फाडला नव्हता."

"माहीत हाय."

"कसं?"

"माझा कागद जाड असतो. तुमी फाडला त्याचा आवाज पातळ आला."

"मग बोलला का नाहीत?"

"पैसे आले, कागद तुमचा झाला. फाडा न्हाईतर खा, मला काय करायचं?"

मी जरा चिडलो. चूक माझी असली की मला राग लवकर येतो. म्हणालो, "एखाद्याबद्दल असं काहीबाही लिहून त्याच्याच हातानं सही घेता, हे बरोबर आहे का?"

"तोंडावर बोललं की मानूस भांडतो," पेशकार म्हणाले. "कागदावर लिहिलं की सही करतो."

"वाचता येत नाही म्हणून करतो."

"मग इचारावं. कोनी इचारत न्हाई. पैसा पायजे त्याला मजकूर नको असतो." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "ओट्यावर बसवायचे तुमी त्या पोराला. मालक जुन्या वळणाचे म्हनायचे. भिंत एका विटेची हाय, मास्तर. मला इचारलं होतं का तुमी?"

मी खाली बसलो आणि तांदळातला एक खडा उचलला.

"मी लय चांगला हाव असं न्हाई," ते म्हणाले. "तुमी इचारलं असतं तर मी काय म्हनलो असतो, मलाबी ठाव न्हाई. पन इचारायचं होतं."

सोमवारी गाडीत मी मित्राला सगळं सांगितलं. सुईपासून बी.ए.पर्यंत. मला वाटलं तो चिडेल किंवा हसेल. तो म्हणाला, "पत्रे पडले, पन घराला दार न्हाई. चारशे पायजेत. आता मी येतो."

तो आला तो थेट आत येऊन खुर्चीवर बसला. मी दारातच उभा राहिलो. पेशकारांनी त्याच्या चपला पाहिल्या. चष्मा लावला.

"कारण?"

"घराला दार बसवायचंय."

"पयलं दार कुठं गेलं?"

"जाळलं."

"कोनी?"

"गावानं," मित्र म्हणाला.

पेशकारांनी लिहायला घेतलं. टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, कारण ते काय लिहीत असतील याचा मला आता अंदाज होता. लिहून झालं, तिकीट लागलं, कागद फिरवला गेला.

मित्रानं टाक उचलला नाही. "मला उर्दू येत न्हाई," तो म्हणाला. "वाचून दाखवा. मग सही करतो."

पेशकारांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग कागद परत स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "तीस वरसं झाली मला कागद लिहायला. हे इचारनारा तू पयला."

आणि ते वाचायला लागले. आवाज एकदम बदलला, ताठ झाला. कोर्टात ते असेच वाचत असणार. 'घेणारा शिक्षक आहे. ह्याला मी आज पहिल्यांदा घरात पाहतो. ह्याचा माझ्यावर एतबार नाही, ते त्याच्या बसण्यावरून दिसतं. माझाही त्याच्यावर अजून नाही. कारण खरं सांगतो. ह्याचं घर गावानं जाळलं, म्हणून दार पाहिजे. चारशे दिले.'

मित्र म्हणाला, "एक चूक हाय. एक घर न्हाई जाळलं. आख्खी वस्ती जाळली."

पेशकारांनी ती ओळ खोडली, वर दुरुस्ती लिहिली आणि कोर्टाच्या रिवाजानं दुरुस्तीपाशी त्याची वेगळी छोटी सही घेतली. "आता बरोबर?"

"बरोबर. एतबाराचंबी बरोबर हाय," असं म्हणून मित्रानं खाली मोठी सही केली. आणि पेशकार हसले. त्या घरात मी तीन वर्षं काढली, त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

पुढचे हप्ते तो स्वतः आणून द्यायचा. मी मधे नव्हतो. तो आला की पेशकार भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "मास्तर, च्या टाका." मी तिघांचा चहा टाकून आत न्यायचो. दोघं फारसं बोलायचे नाहीत. पेशकार नोटा तीनदा मोजायचे आणि मित्र चौथ्यांदा मोजायचा.

शेवटचा हप्ता दिला तेव्हा मी तिथेच होतो. पेशकारांनी कागद त्याला दिला, चष्मा काढला, डोळे मिटले.

"फाड."

आवाज आला नाही. त्यांनी डोळे उघडले. मित्र कागदाची घडी घालत होता.

"हा मी नेतो," तो म्हणाला.

"कशाला?" पेशकारांच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या. "कोर्टात लावायचा हाय? तिथं याला कोनी इचारनार न्हाई, सांगून ठेवतो."

"कोर्टात न्हाई, घरात ठेवायचाय. पंचनाम्यात लिहिलंय, चुलीतली ठिणगी उडाली अन् घरं पेटली. आख्ख्या वस्तीची एकच चूल जनू. गावानं जाळलं असं लिहिलेला हा एकच कागद हाय, साहेब."

पेशकारांनी हात पुढे केला. त्यांनी कागद मागून घेतला. मला वाटलं, आता ते स्वतःच फाडतात. पण त्यांनी चष्मा परत लावला, कागद उलगडला, त्याच्या खाली 'पैसे पावले, मजकूर खरा' असं वाचत वाचत लिहिलं आणि त्याखाली स्वतःची सही केली. त्यांची सही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

तो कागद मित्राच्या घरी आहे, नव्या दाराच्या आत, पत्र्याच्या पेटीत. त्याच्या पोरांना तो वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते पाठ आहे.

माझाही कागद इतके दिवस माझ्याकडे होता. मित्र त्याचा कागद घेऊन गेला त्या संध्याकाळी मी माझा पुस्तकातून काढला. मित्राच्या कागदासारखा जपून ठेवावा असं त्यात काही नव्हतं. वाचता येत नसूनही त्याच्याकडे माझ्यानं बघवेना. मी तो मधोमध धरला आणि फाडला. एकदा, दोनदा, चार वेळा. जाड कागद होता.

भिंतीपलीकडून पेशकार म्हणाले, "हां. आत्ता फाटला."